टायटॅनियमची डबी आणि प्रेक्षकाची नजर

जादूच्या साहित्याच्या बाजारात सध्या धातूंचा बोलबाला आहे. नाणी गायब करणारी छोटी गोल डबी पितळेची, चांदीची, टायटॅनियमची अशी चढत्या भावाने मिळते. वाकलेली आपोआप सरळ होणारी तार, बोटांत वितळणारा चमचा, नखाएवढा पण जबर ओढीचा लोहचुंबक यांच्या जाहिराती हौशी जादूगाराला पटवत असतात, की चमत्कार या पदार्थातच आहे. ही नाण्यांची डबी ‘ओकिटो’ या नावाने गाजलेल्या थिओडोर बॅम्बर्ग यांची. त्यांनी ती मुळात औषधाच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या डबीपासून तयार केली होती. पुठ्ठ्याच्या जागी टायटॅनियम आले, तरी खेळ तोच राहिला. मग वरचे पैसे कशाचे? जे काम हाताला जमत नाही ते पदार्थ गुपचूप करून देत असेल, तर त्याची किंमत मोजायला हरकत नाही. तो नुसताच मिरवत असेल, तर तो खर्च घेणाऱ्याच्या हौसेचा. प्रेक्षकाच्या पदरात त्यातले काहीच पडत नाही.

काम करणारे पदार्थ खरोखरच विलक्षण असतात. नायटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याची तार वाकवली आणि मग ठरावीक तापमानापर्यंत तापवली, की ती आपल्या मूळ आकारात परत येते. दात सरळ करण्याच्या तारांमध्ये आज हाच धातू वापरतात. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे हाताची ऊब त्याला पुरते. निओडिमियमचे लोहचुंबक १९८०च्या दशकात आले आणि जुन्या चुंबकाला जे काम करायला मोठा तुकडा लागे, ते छोट्याशा चकतीत होऊ लागले. ही कामे कितीही सराव केला तरी बोटांना जमणारी नाहीत. इथे पदार्थाची किंमत समजण्यासारखी आहे. पण अशा पदार्थाची जादू तो अनोळखी असेपर्यंतच टिकते, आणि खरेदी करणारा नेमके हेच विसरतो.

याचा सर्वांत बोलका दाखला एकोणिसाव्या शतकातला आहे. फ्रेंच जादूगार रोबेर-हुदँ मूळचे घड्याळजी. पुढे जगप्रसिद्ध झालेला जादूगार हुडिनी याने आपले नाव त्यांच्याच नावावरून घेतले. त्यांच्याकडे एक पेटी होती. ती कधी लहान मूल सहज उचले, तर कधी धट्टाकट्टा माणूसही तिला हलवू शकत नसे. पेटीच्या बुडाशी लोखंड आणि तिच्याखाली विद्युतचुंबक, एवढेच त्यातले रहस्य. विद्युतचुंबक जोवर सामान्य लोकांना माहीत नव्हता, तोवर पेटीने एकटीने काम भागवले. लोकांना त्याची कुणकुण लागल्यावर रोबेर-हुदँ यांनी पेटी कप्पीवरून दोरीने टांगून दाखवायला सुरुवात केली, म्हणजे खालच्या चुंबकाचा संशय आपोआप गळून पडावा. पुढे १८५६मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना अल्जीरियात पाठवले, तेव्हा त्यांनी त्याच पेटीला नवी गोष्ट जोडली. पेटी जड होते असे न म्हणता, समोरच्या माणसाची शक्तीच मी काढून घेतो, असे त्यांनी सांगितले. पेटीखालचा चुंबक जुनाच होता. तिला दोनदा नवा जन्म दिला तो मांडणीने. रोबेर-हुदँ यांच्या काळी जे ज्ञान मोजक्या लोकांपाशी होते, ते आज शाळकरी पोरांच्या मोबाइलवर असते. गॅलियमचा चमचा चहात वितळतानाचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात आणि ‘आत मॅग्नेट आहे’ ही त्यांची पहिली शंका असते.

मांडणीचे वजन किती, हे प्रयोगशाळेतही तपासून झाले आहे. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६मध्ये चेंडू हवेत गायब करण्याच्या जुन्या खेळावर संशोधन प्रसिद्ध केले. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्यांदा फक्त उडवल्याचे सोंग करतो आणि चेंडू हातातच राहतो. सोंग करताना त्याने वर पाहिले, तेव्हा ६८ टक्के लोकांना चेंडू हातातून सुटून वर गेलेला ‘दिसला’. त्याने हाताकडेच पाहिले, तेव्हा हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. चेंडू साधा, हात तेच. फरक होता तो जादूगाराच्या नजरेचा. कोणत्याही धातूने एवढा फरक पाडून दाखवावा! खुद्द हुडिनीला १९२२मध्ये शिकागोत चकवले तेही पत्त्यांनीच. जादूगार डाय व्हर्नन यांनी हुडिनीच्याच सहीचा पत्ता वरून दुसऱ्या जागी सरकवला आणि तो पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला, पण हुडिनीला उलगडा झाला नाही.

शिवाय खास पदार्थांचे लाड पुरवावे लागतात, हा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर नसतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात गॅलियमचा चमचा प्रयोग सुरू होण्याआधीच पेटीत वितळून बसेल. भप्पकन जळून राख न ठेवणारा कागद हा नायट्रोसेल्युलोज असतो. तो जपून साठवावा लागतो आणि विमानात नेता येत नाही. जोरदार चुंबक ठिसूळ असतात, आदळले की फुटतात. लहान मुलाने असे दोन चुंबक गिळले, तर आतड्याला भोक पडण्याइतका धोका संभवतो. वाढदिवसाच्या कार्यक्रमांत जादू करणाऱ्याने तर हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: चांगल्या साहित्याने हात सुधारतो. तांब्याचे जड, नीट घडवलेले पेले टेबलावर स्थिर राहतात, पटकन कलंडत नाहीत, आणि महिन्याला वीस प्रयोग करणाऱ्याला ते वर्षानुवर्षे पुरतात. हे मान्यच आहे, पण इथेही पैसे जातात ते घडणीला आणि टिकाऊपणाला, धातूच्या नावाला नव्हे. दुसरा आक्षेप असा, की किंमत धातूची नसून कल्पनेची असते आणि शोधकाला त्याचा मोबदला मिळायला हवा. म्हणूनच नकली माल टाळून मूळ निर्मात्याकडून घ्यावे, हे बरोबर. तरी कल्पनेच्या मालकीबाबत कायद्याने कशाला महत्त्व दिले, तेही पाहावे. गुलाबाची सावली कापली की फुलाच्या पाकळ्या गळतात, या आपल्या खेळाची नक्कल केल्याबद्दल अमेरिकी जादूगार टेलर कोर्टात गेले. २०१४मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो मूकनाट्य म्हणून केलेल्या सादरीकरणाच्या हक्कावर. जादूच्या युक्तीला तसे संरक्षण मिळाले नाही. तिसरा आक्षेप नवशिक्यांचा: आपोआप चालणाऱ्या वस्तूने आत्मविश्वास येतो. येतो, पण तो त्या एकाच खेळापुरता. पत्त्यांचा एक कॅट आणि चार नाणी यांच्यावर वर्षभर मेहनत घेतली, तर हातात डझनभर खेळ येतात आणि नंतर कोणतीही वस्तू घेतली तरी ती कशी वापरायची ते कळते.

म्हणून महागडी वस्तू घेण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. हेच काम हातचलाखीने किंवा स्वस्त साहित्याने होते का? प्रेक्षकाने वस्तू हातात मागितली, तर निर्धास्तपणे देता येईल का? आणि पदार्थाचे नाव त्याला आधीच ठाऊक असेल, तरी खेळ उभा राहील का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या दोन्हींचे ‘हो’ असेल, तर पैसे खुशाल खर्च करावेत. पोट भरण्यासाठी प्रयोग करणाऱ्याला ते सहज भरून निघतील. एरवी टायटॅनियमची डबी संग्रहाची वस्तू म्हणून घ्यायलाही काही हरकत नाही, पण ती संग्रहासाठीच घेतली आहे हे स्वतःपाशी मान्य करावे आणि सरावाचा वेळ मात्र साध्या पत्त्यांना द्यावा.