छत्री उघडा, बटण दाबा, घर धुवा

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या न्यूबर्ग गावी फ्रान्सिस गेब नावाच्या बाई घरातल्या घरात छत्री उघडायच्या आणि भिंतीवरचं बटण दाबायच्या. छतात बसवलेल्या दहा इंची चौकोनी यंत्रातून आधी साबणाच्या पाण्याचे तुषार उडायचे, मग स्वच्छ पाण्याचे, आणि शेवटी गरम हवेचे झोत सुरू व्हायचे. तासाभराच्या आत भिंती, जमीन, खुर्च्या धुऊन कोरड्या. जमिनीला मोरीसारखा उतार होता, पण तो पायाला जाणवणारही नाही इतका बेताचा. सांडपाणी बाहेर पडताना कुत्र्याच्या खोपटातून जायचं. कुत्र्याची आंघोळही त्यातच उरकायची.

गेबबाईंचा जन्म १९१५ चा. वडील घरं बांधायचे आणि लहानपणापासून त्या त्यांच्याबरोबर बांधकामांवर वावरल्या होत्या. त्यामुळे घरकामाचा कंटाळा आल्यावर त्यांनी थेट घराच्याच रचनेला हात घातला. १९८४ मध्ये या घराला अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्यात ६८ छोट्यामोठ्या युक्त्या सामावल्या होत्या.

त्यातली सगळ्यात हुशारीची युक्ती स्वयंपाकघरात होती. खरकटी भांडी कपाटात ठेवायची, ती तिथेच धुतली जायची, तिथेच वाळायची आणि पुढच्या जेवणापर्यंत तिथेच राहायची. भांडी घासण्याइतकंच कटकटीचं असतं ते पुसून जागेवर लावणं. या कपाटाने ते कामच रद्द केलं. कपड्यांचंही तसंच. बंद कपाटात हँगरवर टांगलेले कपडे तिथेच धुऊन वाळायचे आणि साखळीवरून सरकत नेहमीच्या कपाटात जायचे.

पाण्याने धुता येणाऱ्या घराची ही कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५० च्या अंकात वाल्डेमार केम्फर्ट यांनी २००० सालची गृहिणी रंगवली होती. तिच्या घरातले सोफे, पडदे, सतरंज्या सगळं जलरोधक. ती रबरी नळीने दिवाणखाना धुते, पाणी जमिनीतल्या भोकातून निघून जातं आणि उरलेलं काम गरम हवा करते. कंपन्यांनीही अशी स्वप्नं मांडली. १९५९ मध्ये मॉस्कोत भरलेल्या अमेरिकी प्रदर्शनात व्हर्लपूलच्या ‘मिरॅकल किचन’मध्ये फरशी साफ करणारं यंत्र आपलं आपण फिरताना दिसत होतं. प्रत्यक्षात ते आरशाआड लपलेला माणूस चालवत होता! सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी तर याच प्रदर्शनात, घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्र तुमच्याकडे नाही का, अशी खिल्ली उडवली.

गेबबाईंच्या घरात असली लपवाछपवी नव्हती. त्या तिथेच राहत आणि लोकांना घर फिरून दाखवत. तरीही तसं दुसरं घर उभं राहिलं नाही.

कारण छताखाली पाहिलं की कळतं. गालिचा नाही. लाकडी जमिनीवर जहाजांना लावतात त्या व्हार्निशचे थरावर थर. गाद्यागिरद्यांना पाणी न शोषणारं कापड. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, शोभेच्या वस्तू काचेआड, विजेचे सॉकेट झाकलेले. धुण्याआधी पलंगावर जलरोधक आवरण ओढलं जायचं. म्हणजे कष्ट वाचवायचे तर आधी घरातली ऊब देणारी, मऊ, भिजून खराब होणारी प्रत्येक वस्तू हद्दपार करायची. शिवाय असल्या घराचा पाया घालतानाच नळ, निचरा आणि उतार ठरवावा लागतो. उभ्या घरात ही सोय नंतर बसवायची म्हणजे घर पाडून पुन्हा बांधण्यासारखंच.

जी यंत्रं घरोघर पोहोचली, त्यांनी अशी अट घातली नाही. धुलाई यंत्राला नळ, निचरा आणि प्लग पुरतो. २००२ मध्ये आलेला ‘रूंबा’ हा फिरता झाडू तर आहे त्याच पलंगाखाली शिरतो. पण तो भांडी लावत नाही की कपड्यांच्या घड्या घालत नाही. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवून दिलं आहे, की यंत्रं आली तसा स्वच्छतेचा मापदंडही चढत गेला आणि बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत.

गेबबाई २०१६ च्या डिसेंबरमध्ये, १०१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या घराची चेष्टा पुष्कळ झाली. भांडी आणि कपडे धुऊन झाल्यावर ते जागेवर लावण्याचं काम मात्र त्यांच्यानंतर कोणत्याही कंपनीने घराघरातून हटवलेलं नाही.