व्हॉडव्हिलमधील गायन व विनोद

व्हॉडव्हिल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. १८८१ ते १९३२ या काळात भरभराटीस आलेला रंगभूमीवरील एक मनोरंजनप्रकार. कथासूत्राने न जोडलेले आठ-नऊ स्वतंत्र प्रवेश त्यात एकापाठोपाठ एक सादर होत. कसरती, जादू, नृत्य, शिकविलेली जनावरे हे सारे त्यात असले, तरी त्याचा कणा गायन व विनोद हाच होता. मूळ फ्रेंच शब्दाचा संबंध नॉर्मंडीतील व्हीर नदीच्या खोऱ्यात गायिल्या जाणाऱ्या उपरोधिक गीतांशी जोडला जातो. अमेरिकन व्हॉडव्हिल मात्र मद्यगृहांना जोडून चालणाऱ्या विविधरंजनातून व मिन्स्ट्रेल खेळांतून वाढले.

गायक व व्यवस्थापक टोनी पास्टर (मृत्यू १९०८) याने १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील नाट्यगृहात सहकुटुंब पाहता येईल असा सोज्वळ खेळ सुरू केला. बी. एफ्. कीथ (१८४६–१९१४) व ई. एफ्. ॲल्बी (१८५७–१९३०) यांनी या सोज्वळपणाचा व्यापार केला. त्यांच्या नाट्यगृहांची साखळी पूर्वेकडील शहरांतून पसरली. पश्चिमेकडे ऑर्फियम ही साखळी होती. आक्षेपार्ह शब्द गाळण्याची सक्त ताकीद कलावंतांना दिली जाई.

गीत-विनोदी जोडीचा प्रवेश साधारणतः दहा ते वीस मिनिटांचा असे. तो पुष्कळदा पुढील पडद्यासमोरच्या अरुंद पट्टीत होई व तेवढ्या वेळात मागे पुढील प्रवेशाची मांडामांड चाले. प्रेक्षक स्थिरस्थावर होईपर्यंत कसरतपटूंसारखा संवादरहित प्रवेश ठेवीत. प्रमुख कलावंताचे स्थान शेवटून दुसरे असे. दर आठवड्यास गाव बदलत असल्याने एकच प्रवेश वर्षानुवर्षे चाले. त्याचे खरे संपादन प्रेक्षकच करीत : ज्या वाक्याला हशा मिळत नसे ते गळे, ज्याला मिळे त्याच्या आधीचा विराम किंचित लांबे. जॉर्ज बर्न्स (१८९६–१९९६) व ग्रेसी ॲलन (मृत्यू १९६४) यांच्या प्रवेशात प्रारंभी विनोदी वाक्ये बर्न्सकडे होती. परंतु लोक ॲलनच्या साध्या प्रश्नांनाच हसू लागले. तेव्हा बर्न्सने भूमिकांची अदलाबदल केली आणि पुढे दशकानुदशके स्वतःकडे प्रश्न विचारण्याचेच काम ठेवले.

गाणे व हशा यांची सीमारेषा पुसट होती. ‘एव्हॉन कॉमेडी फोर’ हे चौघांचे गायकपथक होते आणि शाळेच्या वर्गावरील धांदलीचे प्रहसनही करी. त्यातील जो स्मिथ व चार्ली डेल यांनी वैद्य व रुग्ण यांचा एक प्रवेश अनेक दशके रंगविला. नील सायमन याच्या द सनशाइन बॉइज (१९७२) या नाटकातील वृद्ध जोडीला त्यांच्यापासून प्रेरणा मिळाली. मार्क्स बंधूंचाही प्रारंभ गायकपथक म्हणूनच झाला. एव्हा टँग्वे (१८७८–१९४७) हिचा आवाज सामान्य होता; तरी बेफिकीर आविर्भावामुळे ती सर्वाधिक मानधन मिळविणाऱ्यांत गणली जाई. संगीत-प्रकाशक आपले गीत नामवंतांनी गावे म्हणून त्यांना पैसे देत, कारण घरोघरी पियानोवर वाजविण्यासाठी स्वरलिपीचे कागद त्यामुळेच खपत.

या विनोदाची एक बाजू क्लेशदायक आहे. जर्मन, आयरिश, ज्यू यांच्या उच्चारांची व स्वभावाची नक्कल हे त्याचे हुकमी भांडवल होते. जो वेबर (१८६७–१९४२) व लू फील्ड्झ (१८६७–१९४१) ही जोडी मोडक्या जर्मन-इंग्रजीमुळे गाजली. आयरिश मोलकरणींच्या सोंगाविरुद्ध १९०७ मध्ये आयरिश संघटनांनी नाट्यगृहांत निदर्शने केली. सर्वांत अपमानास्पद प्रथा जळालेल्या बुचाच्या काजळीने तोंड काळे करण्याची. सोफी टकर (मृत्यू १९६६) हिलाही कारकीर्दीच्या प्रारंभी व्यवस्थापकांच्या आग्रहाने ती पाळावी लागली. पुढे तिने ती झुगारली. बर्ट विल्यम्स (१८७४–१९२२) याला ते शक्य झाले नाही. बहामा बेटांत जन्मलेल्या या उजळ वर्णाच्या कृष्णवंशीय कलावंताला काजळी फासूनच रंगमंचावर यावे लागे आणि ठरीव निग्रो बोली परक्या भाषेप्रमाणे शिकावी लागली. जॉर्ज वॉकर (मृत्यू १९११) याच्यासह त्याने इन दाहोमी (१९०३) हे संगीतप्रहसन ब्रॉडवेवर आणले. ‘नोबडी’ हे आपले गीत तो अर्धे गाऊन, अर्धे बोलून म्हणे. उपेक्षिताचे एकाकीपण त्याने हास्याच्या आवरणाखाली ज्या संयमाने मांडले, त्यास त्या काळी तोड नव्हती. १९१० पासून तो झीगफेल्डच्या ‘फॉलीज’मध्ये प्रमुख कलावंत होता. डिट्रॉइट येथे प्रयोग चालू असताना तो कोसळला व थोड्याच दिवसांत मरण पावला. कृष्णवंशीयांच्या नाट्यगृहांसाठी १९२० मध्ये वेगळी संघटना निघाली. तिच्या दौऱ्यांतून मा रेनी व बेसी स्मिथ या गायिका आणि नवरा-बायकोची गाण्यातली भांडणे रंगविणारी ‘बटरबीन्स व सूझी’ ही जोडी पुढे आली. तेथील मानधन अल्प व प्रवास हालाचा असे.

गौरवर्णीयांच्या साखळ्यांतही कलावंत स्वतंत्र नव्हता. १९०६ मध्ये कीथ-ॲल्बींनी स्थापिलेल्या नोंदणी कार्यालयातूनच काम मिळे व मानधनातून दलाली कापली जाई. ‘व्हाइट रॅट्स’ या १९०० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने दलालीविरुद्ध १९०१ मध्ये संप केला. १९१६-१७ चा तिचा दुसरा लढा फसला व संपकऱ्यांना कामाची दारे बंद झाली.

व्हॉडव्हिलच्या ऱ्हासाचे सारे खापर बोलपटावर फोडतात, ते अपुरे आहे. नभोवाणीमुळे वर्षभर पुरणारा प्रवेश एका रात्रीत देशभर ऐकला जाऊन शिळा होई. प्रवेश हळूहळू घासूनपुसून घेण्याची पद्धतच त्यामुळे निकामी झाली. कीथ-ॲल्बी-ऑर्फियम साखळी १९२८ मध्ये आरकेओ या चित्रपटसंस्थेत विलीन झाली. १९१३ मध्ये उघडलेले न्यूयॉर्कचे पॅलेस हे या कलेचे सर्वोच्च पीठ. तेही १९३२ मध्ये चित्रपटगृह बनले. बर्न्स-ॲलन प्रभृती कलावंत नभोवाणी व पुढे दूरचित्रवाणीकडे वळले. बहुतेक प्रवेशांचे ध्वनिचित्रमुद्रण झालेच नाही. जे उरले त्यांत १९२६ पासून व्हायटाफोन पद्धतीने घेतलेले लघुपट महत्त्वाचे असून बर्न्स-ॲलन यांचा लॅम्बचॉप्स (१९२९) हा त्यांपैकी एक होय.