गारगोटीच्या धारेवरची बंदूक

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रांबरोबर एक तोड्याची बंदूकही जपलेली आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते, तेव्हा गोदावरीचे पाणी घागरींनी आणून ही सारी शस्त्रे धुतली-पुसली जातात. तोड्याच्या बंदुकीला ठिणगीसाठी दगड लागत नाही. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी पेटवून चापात अडकवायची, ती रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकली की बार उडतो. गुरूजींचे नांदेडला देहावसान झाले ते १७०८ मध्ये. त्यानंतर ५२ वर्षांनी, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, उदगीर-औशाच्या मुलखात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला गाठले. त्या वेळी मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी होता. हाच इब्राहिमखान पूर्वी निजामाच्या पदरी, बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला. त्याच्या गारद्यांच्या, म्हणजे कवायती शिपायांच्या, खांद्यावर चकमकीच्या बंदुका होत्या. उदगीरच्या तहात निजामाने सुमारे ६० लाखांचा मुलूख सोडला. या लढाईचे श्रेय तोफांना आणि भाऊंच्या डावपेचांना मिळते, ते योग्यच आहे. पण प्रत्येक गारद्याच्या चापात जो इंचभर दगड होता, त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

चकमकीच्या बंदुकीतली ठिणगी दगडाची नसते. चाप सुटला की त्यातला दगड समोरच्या पोलादी झाकणावर जोरात घासतो. दगड पोलादाहून कठीण, म्हणून तो पोलादाचे बारीक कण खरवडून काढतो. घर्षणाने लाल झालेले ते कण हवेत जळत जळत खालच्या कानात, म्हणजे रंजकेच्या खोबणीत, पडतात. झाकण त्याच धक्क्याने मागे पडलेले असते, रंजक पेटते आणि नळीच्या बारीक छिद्रातून आग आतल्या दारूला पोचते. म्हणजे दगडाने फक्त विळ्यासारखे कापायचे असते. विळा बोथट झाला की काम थांबले! झाकणाचे पोलाद नरम असेल तर चांगला दगडही त्यात खाचा पाडतो, ठिणगी मात्र पडत नाही. पाण्यात विझवून कडक केलेलेच पोलाद हवे. जुन्या बंदुका न उडण्याला दगडाइतकेच हे झाकण जबाबदार असे.

दगड निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती एकजिनसीपणाची. फोडल्यावर शिंपल्यासारखी गुळगुळीत, वक्र फूट पडणारा दगड चांगला. आत भेग, पोकळी किंवा स्फटिकांचा भुगा असेल तर पहिल्या चारदोन घावांतच तो ठिकऱ्या होतो. ठोकून पाहिला तर तो खणकन वाजला पाहिजे. भद्द आवाज येणारा टाकून द्यावा. रंगावर फार जाऊ नये. इंग्लंडातल्या सफकच्या ब्रँडन गावचे दगड काळे, फ्रान्समध्ये मेन (Meusnes) गावाच्या आसपासचे मधाच्या रंगाचे, आणि दोन्ही उत्तम चालले. दुसरी गोष्ट आकाराची. रुंदी झाकणाच्या रुंदीएवढी किंवा किंचित कमी हवी, म्हणजे दगडाचा कोपरा नळीवर आदळत नाही. धार सरळ हवी. वाकडी असेल तर एकच टोक पोलादाला लागते, उरलेली धार हवेतून जाते. एक बाजू उतरती असते, ती वर ठेवायची की खाली हे चापाच्या ठेवणीवर ठरते. दोन्ही करून पाहिल्यावाचून कळत नाही. घाव झाकणाच्या वरच्या भागात लागून दगड खालपर्यंत घसरत गेला पाहिजे.

आता आपल्याकडची गंमत. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांच्या जागा गारगोटी, अकीक, स्फटिक अशा सिलिकेच्या दगडांनी भरलेल्या आहेत. गोदावरीच्या वाळूतही असे खडे वाहत येतात. पैठणजवळच्या मुंगीला १८६५ मध्ये विन या भूगर्भशास्त्रज्ञाला नदीच्या थरात अकीकाचा घडवलेला तुकडा सापडला होता. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी केलेल्या उत्खननात अशाच दगडाची पाती निघाली. या मातीतल्या माणसांना धार काढणारा दगड हजारो वर्षे ठाऊक होता. मग कवायती पलटणींना विलायती दगड का लागले? माझे मत असे, की प्रश्न दगड मिळण्याचा नव्हता, एकसारखे दगड ढिगांनी मिळण्याचा होता. युरोपातल्या खडूच्या थरांत मोठमोठे, एकजिनसी गोळे निघतात. एका गोळ्यातून लांब पाती काढून तोडली की सारखे तुकडे तयार होतात. आपले अकीक लहान पोकळीत वाढलेले, पट्ट्या-पट्ट्यांचे, आत कधी पोकळच. त्यांच्यापासून पाच-पंचवीस दगड घडवता येतील, फौजेचा पुरवठा चालणार नाही. म्हणूनच तोड्याच्या बंदुका आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही टिकून राहिल्या. त्यांना ना पोलादी झाकण लागे, ना बाहेरचा दगड.

ब्रँडनच्या दगड घडवण्याच्या धंद्याचे तपशीलवार वर्णन स्केर्चली यांनी १८७९ मध्ये केले. पण ज्यांच्या हातून हे दगड निघाले त्यांची फुफ्फुसे सिलिकेच्या धुळीने भरून जात. खंबायतच्या अकीक कारागिरांना आजही हाच आजार होतो. गारगोटी फोडताना तोंडावर फडके बांधून भागत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

दगड नुसता चापात दाबला की काम झाले असे नाही. उघड्या जबड्यात तो निसटतो किंवा तडकतो. म्हणून भोवती कातडे किंवा शिशाचा पातळ पत्रा गुंडाळतात. जड चापाला शिसे चांगले, कारण ते दगडाच्या अंगाला बसते. हलक्या चापाला कातडे बरे. दर काही बारांनी पेच पुन्हा आवळावा लागतो, कारण शिसे बसते, कातडे दबते. ब्रिटिश फौजेत साधारण वीसेक बारांमागे एक दगड असा हिशेब असे. पण सांभाळणाऱ्या हातात तो त्याहून पुष्कळ जास्त चालतो. धार बोथट झाली की पितळी अथवा नरम लोखंडी हत्याराने काठावर हलके दाब देऊन बारीक कपच्या काढतात आणि ताजी धार आणतात. हे काम बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच करायचे.

चकमकीच्या बंदुकीचा दुसरा वैरी ओल. काळ्या दारूच्या बारानंतर जो काळा राप उरतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि दगडावर व झाकणावर पातळ चिकट थर बसतो. त्यावर दगड नुसता घसरतो, ठिणगी पडत नाही. म्हणून बारांच्या मध्ये दगडाची धार, झाकणाचा दर्शनी भाग आणि कान कोरड्या फडक्याने पुसणे, छिद्रात तार घालणे हे नित्याचे काम. रंजकही कानात गच्च भरायची नसते. छिद्राच्या तोंडावर चढली तर आधी ती जळून संपेपर्यंत वाट पाहावी लागते आणि बार उशिरा उडतो.

१८०३ मध्ये मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या असईच्या लढाईत, आजच्या जालना जिल्ह्यात, दोन्ही बाजूंच्या कवायती पायदळाच्या हाती चकमकीच्याच बंदुका होत्या. पुढे १८४० च्या सुमारास टोपीतल्या स्फोटकाने पेटणाऱ्या, टोपीच्या बंदुका आल्या आणि दगडाचे काम संपत गेले.

आपल्या भागात जुन्या वाड्यांतून ठासणीच्या बंदुका दसऱ्याला काढतात, गंध-फुले वाहतात, पुन्हा कोनाड्यात ठेवतात. यांतल्या काहींमध्ये आजोबांच्या आजोबांनी ठासलेला बार तसाच असू शकतो; काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घकाळानंतरही पेटू शकते. चाप ओढून ठिणगी पडते का, हे कधीही पाहू नका. नळीच्या तोंडाकडून दूर उभे राहून आत लाकडी काठी हळूच सरकवा, तोंडापाशी खूण करा आणि ती बाहेरून नळीला लावून मोजा. काठी कानाच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे, असे समजून हात लावणे थांबवा आणि पोलिसांना कळवा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार चालू शकणाऱ्या अशा बंदुकीलाही परवाना लागतो. कायमची निकामी किंवा केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेल्या शस्त्रांना सवलत आहे, पण तुमची बंदूक त्यात बसते की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.