‘नॉर्मंडी’ : पाण्याच्या भाराने कलंडलेले जहाज

‘नॉर्मंडी’ हे आलिशान फ्रेंच जहाज आगीत नष्ट झाले, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. १९३५ मध्ये पहिल्याच सफरीत अटलांटिक ओलांडण्याचा वेगविक्रम करणाऱ्या या जहाजाचे भोजनगृह लालिकच्या काचदिव्यांनी उजळत असे. (जागा मात्र अनेकदा रिकाम्याच राहत.) डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेने ते ताब्यात घेऊन सैनिकवाहू बनविण्यास प्रारंभ केला. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर धातुकामाच्या ज्योतीची ठिणगी जीवरक्षक जाकिटांवर पडली. आग आटोक्यात आली. परंतु अग्निशामकांनी ओतलेले पाणी वरच्या मजल्यांवर साचल्याने तोल ढळून जहाज कलंडले. तळाच्या झडपा उघडून ते सरळ बसवावे, ही रचनाकार युर्केविच यांची सूचना अधिकाऱ्यांनी फेटाळली होती. १९४६ मध्ये ते भंगारात विकले गेले.