भुंगेऱ्यांनी पानं खाल्ली, पण गाजरगवत कमी झालं का?

पावसाळ्यात रस्त्याकडेच्या गाजरगवतावर फिकट रंगाचे, पाठीवर काळपट रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले, तर जरा थांबून बघा. हे मेक्सिकन भुंगेरे, झायगोग्रामा बायकलराटा. गवत आपल्याकडे आगंतुक म्हणून आलं (पुण्यात १९५५ च्या सुमारास ते लक्षात आलं), पण भुंगेरे मात्र मुद्दाम आणलेले आहेत. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणून, चाचण्या करून, १९८४ साली ते सोडले.

चाचण्या कसल्या? परक्या किडीला सोडायचं तर ती दुसरं काय काय खाईल, हे आधी बघावं लागतं. कीड आणि एकच वनस्पती कोंडून ठेवली, तर कीड खाते की उपाशी मरते? दोन-चार पर्याय दिले, तर कशाकडे वळते? अळी त्या पानांवर वाढून प्रौढ होते का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं कुरतडणं वेगळं आणि त्या झाडावर पिढी वाढवणं वेगळं.

एवढं करूनही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले आणि खळबळ उडाली. साहजिकच आहे, सूर्यफूल गाजरगवताच्याच कुळातलं, आणि पीक शेतकऱ्याचं! मग प्रयोगांतून एक गंमतशीर गोष्ट पुढे आली: सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडलेले असले, की भुंगेरे ती पानं खायला लागतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पानावर हे कसं कळणार? तुमच्या प्रयोगातलं पान शेतातल्या पानासारखं आहे का, हे गाईडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

आता शीर्षकातला प्रश्न. भुंगेऱ्यांनी चाळण केलेली झाडं मोजून 'नियंत्रण झालं' असं लिहू नका. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खरी संख्या तिथे असते. फुलं यायच्या आधी पानं खाल्ली गेली, तर बिया घटतात. नंतर खाल्ली, तर फारसा उपयोग नाही. त्यात भुंगेरे पावसाळा सरला की मातीत शिरून सुप्तावस्थेत जातात, आणि ओलिताच्या जमिनीत गवत मात्र हिवाळ्यातही उगवत राहतं.

म्हणून प्लॉट आखाल तेव्हा ऑगस्टबरोबर जानेवारीतही मोजणी ठेवा, आणि दोन्ही वेळी मातीचे नमुने घेऊन त्यातल्या बिया मोजा. काम कंटाळवाणं आहे. चाळणी आणि भिंग जवळ असू द्या. हातमोजेही घाला, या गवताने अंगाला भयंकर खाज सुटते.