पवनचक्कीची नळी

राहुरीकडे वैशाखात विहिरींचे पाणी खोल जाते. तेव्हा एखादी पवनचक्की फिरते, पण हौदात थेंब पडत नाही. लोक वर पात्यांकडे बघतात. बिघाड बहुधा खाली, पाण्यात असतो.

चक्कीचा दांडा वर-खाली होतो. मिनिटाला ३० वेळा धरा. आठ तासांत १४,४०० वेळा झाला! दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो. तो नळकांड्यात घासतो. नळकांडे नुसते लोखंडी असेल तर आतून गंजून खरखरीत होते आणि दट्ट्याचे वॉशर खाते. म्हणून आतून पितळी अस्तर हवे. हातपंपाचेही तसेच. पूर्वीचे बिडाचे हातपंप लवकर मोडत. मग सोलापूरकडे पोलादी पंप घडला. त्यावरून १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क २' निघाला. त्याच्या नळकांड्यालाही पितळी अस्तर आहे.

आता नळी. जस्ताचा मुलामा दिलेली घ्या. आटे पाडताना मुलामा निघतो, गंज तिथूनच धरतो. पाणी मचूळ असेल तर लवकर धरतो. प्लॅस्टिक गंजत नाही, पण उन्हात ठिसूळ होते.

सव्वा इंची लोखंडी नळी मीटरला सुमारे ३ किलो भरते. ३० मीटरला ९० किलो झाले. एका वॉशरसाठी हे सारे वर ओढायचे? त्यापेक्षा दट्ट्याहून रुंद नळी घ्यावी. मग नुसता दांडा ओढला की दट्ट्या वर येतो. पैसे जास्त पडतात, पडू द्या.

दोन जादा वॉशर घरात ठेवा. चामड्याचे असतील तर तेल लावून ठेवा.