वर्गातील काळी चौकट : संगणकातील ग्राफिक्स हार्डवेअर ॲक्सिलरेशनचे कार्य व नियंत्रण

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात एल.सी.डी. प्रोजेक्टरचा वापर रूढ होऊ लागला, त्या काळात एका विचित्र अडचणीने अनेक प्राध्यापकांना त्रस्त केले. लॅपटॉपवर माहितीपट सुरळीत चालू असे, आवाज सर्वांना ऐकू येई. भिंतीवरील पडद्यावर मात्र प्लेअरची चौकट, शीर्षकपट्टी व खालची बटणे एवढेच दिसे आणि चित्राची जागा काळी राही. मग केबल बदलली जाई, प्रोजेक्टर बंद करून पुन्हा सुरू केला जाई आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेतील बराच वेळ त्यात खर्ची पडे. वस्तुतः दोष केबलचाही नसे व प्रोजेक्टरचाही नसे. तो बहुधा संगणकाच्या एका सेटिंगमधून उद्भवे, आणि ते सेटिंग समजून घेतल्यास आजच्या संगणकांवरील तत्सम अडचणींचाही उलगडा होतो.

चित्र कोण रंगवितो?

१०२४ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर ७,८६,४३२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास एका चित्रासाठी ३१,४५,७२८ बाइट लागतात. सेकंदास २५ चित्रे या वेगाने चलच्चित्र पूर्ण पडद्यावर दाखवावयाचे, तर दर सेकंदाला सुमारे ७ कोटी ८६ लक्ष बाइट हलवावे लागतात. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर हाच आकडा २० कोटी ७३ लक्षांच्या वर जातो. शिवाय चित्रफितीतील संक्षिप्त रंगसंकेतांचे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या संकेतांत रूपांतर करणे आणि चित्राचा आकार कमीअधिक करणे ही कामे वेगळीच. मुख्य प्रोसेसरवरील हा भार ग्राफिक्स कार्डाकडे सोपविणे म्हणजेच हार्डवेअर ॲक्सिलरेशन होय.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात चलच्चित्रासाठी 'ओव्हरले' ही पद्धत सर्रास वापरली जाई. प्लेअर आपल्या खिडकीत केवळ एक ठरावीक, बहुधा काळपट रंग भरून ठेवी. चित्रपट ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत वेगळ्या जागी लिहिला जाई आणि पडद्याकडे संकेत रवाना होताना, जेथे तो ठरावीक रंग आढळेल तेथे कार्ड चित्रपटाचे बिंदू बसवी. म्हणजे पडद्याच्या मूळ स्मृतीत चित्रपट कधी उमटतच नसे. 'प्रिंट स्क्रीन' कळ दाबून घेतलेल्या छायाप्रतीत काळी चौकट येण्याचे कारण हेच. (ती छायाप्रत 'पेंट'मध्ये डकवली असता चालू चित्रपट तिच्यातून दिसू लागल्याचा चमत्कारही काहींनी पाहिला असेल.) बहुतेक कार्डांवर ओव्हरलेची सोय एकाच निर्गमास जोडलेली असे, दुसऱ्या निर्गमावर, म्हणजे प्रोजेक्टरवर, फक्त तो ठरावीक रंग पोहोचे.

एक्सपीमधील उपाय

डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड' व 'ट्रबलशूट' या मार्गाने गेल्यास 'नन'पासून 'फुल'पर्यंत सहा स्थानांची एक सरकपट्टी आढळे. 'फुल'पासून तीन स्थाने खाली आणली की डायरेक्टड्रॉ व डायरेक्टथ्रीडी यांचा प्रवेग बंद होई, त्याबरोबर ओव्हरलेही जाई आणि चित्र प्रोजेक्टरवर उमटे. घाईघाईने पट्टी थेट 'नन'वर नेण्याची प्रथा होती, ती सदोषच म्हटली पाहिजे. कारण त्यामुळे साधी खिडकी सरकविण्याचे कामदेखील प्रोसेसरवर येऊन संपूर्ण संगणक मंदावे. त्याहून नेमका उपाय विंडोज मीडिया प्लेअरमध्येच होता : 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'परफॉर्मन्स' येथील प्रगत रकान्यात 'यूज ओव्हरलेज' या चौकोनातील खूण काढणे. यात बाकीचा प्रवेग अबाधित राही. काहीही न बदलता, लॅपटॉपवरील कळीने केवळ प्रोजेक्टरकडे चित्र पाठविणे हाही एक सोपा मार्ग होता.

नंतरची व्यवस्था

२००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने ही रचनाच बदलली. सर्व खिडक्या आधी ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने एकत्र जुळवून मग पडद्यावर मांडण्याची पद्धत आली आणि चित्रपटही त्या जुळणीचा भाग बनू लागला. विंडोज ७ मध्ये जुनी सरकपट्टी बहुधा निष्क्रिय दिसे. नियंत्रण आता मुख्यतः प्रत्येक प्रोग्रॅमकडे गेले आहे. क्रोममध्ये ते 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' या भागात आहे. फायरफॉक्समध्ये 'जनरल'खालील 'परफॉर्मन्स' येथे शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढल्यावर संबंधित पर्याय दिसतो. बदलानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

ब्राउझरमध्ये चित्र लुकलुकणे, अक्षरे फाटल्यासारखी दिसणे किंवा पान कोरे राहणे असे घडल्यास हे सेटिंग तात्पुरते बंद करून पाहावे. दोष नाहीसा झाला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो आणि उत्पादकाचा अद्ययावत ड्रायव्हर बसविणे हा खरा उपाय ठरतो. सेटिंग कायमचे बंद ठेवल्यास दोष झाकला जातो, प्रोसेसर तापतो आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. सेटिंग बंद करूनही दोष राहिल्यास केबल व पडदा तपासण्यास आधार मिळतो.

मे २०२० च्या अद्यतनाने विंडोज १० मध्ये आलेले 'हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' हे सेटिंग नामसाधर्म्यामुळे गोंधळ निर्माण करते. ग्राफिक्स कार्डाच्या कामांचा क्रम कोणी लावावा, एवढेच ते ठरविते. ते बंद केल्याने प्रवेग बंद होत नाही.

ऑनलाइन तासिकेत स्क्रीन शेअर करताना दिसणारी काळी चौकट मात्र प्रत्येक वेळी बिघाड मानता येत नाही. सशुल्क चित्रपटसेवांच्या बाबतीत स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी ती हेतुपुरस्सर ठेवलेली असते. तेथे सेटिंगशी झगडण्यापेक्षा, अध्यापनासाठी दाखविण्याची परवानगी असलेली प्रत ग्रंथालयाकडून मिळविणे इष्ट.